दोर कोणाच्या हातात

फोटोत जाळी दिसते, म्हणून माझ्या पोराने टाक्याभोवती जाळी लावली नाही. हे कारण मी स्वतःच्या कानांनी ऐकलेलं आहे. टाकं म्हणजे स्विमिंग पूल. घरातले सगळे त्याला पूल म्हणतात, मी म्हणत नाही. पूल नदीवर असतो. पांढुर्ण्याहून सावरगावला जाताना जाम नदीवर आहे, तो पूल. ज्यात पाणी साठवतात ते टाकं. मी चौथीपर्यंत शिकलो, पण एवढं मला समजते.

आमचा संत्र्याचा बगीचा सौंसर आणि पांढुर्ण्याच्या मधात, रस्त्याला लागून आहे. पांढुर्णा जिल्हा झाला तशा रस्त्यावरच्या गाड्या वाढल्या. शनिवारी जामसांवलीच्या मारुतीला जाणाऱ्यांची गर्दी तर विचारूच नका. पोराच्या डोक्यात आलं की दर्शन करून परतणारी नागपूरची माणसं अर्धा दिवस आपल्याकडे थांबली तर काय वाईट आहे? झाडाखाली जेवण, पोरांना झोके आणि पोहायला पाणी. त्यासाठी त्याने घरासमोरच्या संत्र्याच्या ओळी काढल्या. फळावरची झाडं होती. ते मी गिळलं. जमीन त्याला करायची आहे, मी किती दिवस पुरणार.

पण आमचं राहतं घर तिथंच आहे. ओट्यावरून उतरलं की चार पावलांवर पाणी. आणि घरात माझी नात आहे, दुसरीत जाणारी, जिचे पाय दिवसभर जमिनीला टेकत नाहीत. म्हणून मी टाक्याचं सिमेंट वाळायच्या आतच पोराला म्हटलं, "जाळी लाव. फाटक लाव. कडी इतकी वर लाव की पोरीचा हात पोचला नाही पाहिजे."

"बाबा, लोक इथं फोटो काढाले येतीन. जाळी लावली तर कोंडवाडा दिसते."

"दिसू दे कोंडवाडा."

"तुम्ही काहून एवढं टेन्शन घेऊन राहिले? घरात इतकी माणसं आहेत. सगळ्यांचं लक्ष राहतेच ना."

सगळ्यांचं लक्ष! हे ऐकलं की माझं डोकं फिरते. लग्नाच्या मांडवात सगळ्यांचं लक्ष असते, तरी चपला जातात.

आम्ही विहिरीत पोहायला शिकलो तेव्हा सगळ्यांचं लक्ष नव्हतं. एकाचं होतं. त्याच्या हातात दोर असायचा. शिकणाऱ्या पोराच्या कंबरेला दोराचं एक टोक, पाठीला वाळलेले भोपळे, आणि दुसरं टोक काठावरच्या माणसाच्या मनगटाला. पायरीवरून पाण्यात उडी टाकायच्या आधी पोराने खालून ओरडायचं, "दोर कोणाच्या हातात?" वरून उत्तर आलं पाहिजे, "माझ्या!" उत्तर आल्याशिवाय उडी नाही. अन् ज्याने उत्तर दिलं त्याने मग बसायचं नाही, तंबाखू मळायची नाही, बांधावरून जाणाऱ्याशी गोष्टी करायच्या नाहीत. पाण्यावरची नजर काढायची नाही. त्याला जायचं असलं तर दुसऱ्याने येऊन दोराचा वेढा आपल्या मनगटावर घ्यायचा, तोंडाने बोलायचं, मगच पहिल्याने सोडायचा. दोर खुंटीवर टांगला म्हणजे पाणी बंद. मग कोणी कितीही मोठा पोहणारा असो, उतरायचं नाही. आमच्या विहिरीत गावचे कितीतरी पोट्टे शिकले. एकही गेला नाही.

हे मी टाक्यावर सुरू करायचं ठरवलं. जुना दोर आणला, मोटरच्या खोलीच्या भिंतीला खुंटी ठोकली आणि पोराला सांगितलं की पाण्यात कोणीही असो, एका माणसाच्या हातात हा दोर पाहिजे.

तो हसला. "बाबा, पाहुण्यांना दोरानं बांधाल काय?"

"बांधायचं नाही. ज्याच्या हातात दोर, त्याने फक्त पाहायचं. दुसरं काही करायचं नाही."

"मी पाहतो ना."

पाहत होता तो मोबाईलमध्ये.

त्या उन्हाळ्यात मी कशाकशावर भांडलो ते सांगतो. टाक्याचा तळ उतरता केलेला आहे. एका बाजूला लहान पोराच्या छातीला पाणी, दुसऱ्या बाजूला माझ्यासारखा उंच माणूस बुडेल. पण फरशी सगळीकडे सारखीच निळी, वरून पाहिलं तर तळ हाताशी आल्यासारखा वाटतो. विहीर अशी फसवत नाही. तिचं काळं पाणी पाहिलं की माणूस आपोआप मागे सरतो. मी म्हटलं, खोल कुठून सुरू होते ते लिही. नाही लिहिलं. मग मीच गेरू कालवला आणि काठावरून लाल पट्टा ओढला, इकडे उथळ, तिकडे खोल. संध्याकाळी पोराने नळी लावून तो धुऊन काढला. म्हणे, जागा घाण दिसते.

मग मोटरचं भांडण. विहिरीत माणूस असताना मोटर चालू ठेवायची नाही, हे आमच्याकडे लहान लेकराला माहीत असते. वायर कुठं उघडी पडलेली असेल काय सांगता येते? इथं माणसं पाण्यात आणि पाणी गाळायची मोटर घरघर करून राहिली आहे. तळाशी पाणी ओढून घेणारी जाळी, तिचा एक स्क्रू ढिला. मी जाऊन मेन स्विच पाडला. पोरगा धावत आला.

"बाबा, पाणी हिरवं होते असं करून!"

"होऊ दे हिरवं. माणूस काळानिळा होण्यापेक्षा बरं."

"अर्थिंग केलं आहे सगळं."

"कोणी पाहिलं?"

त्याने स्विच परत चढवला.

एकदा सकाळी कोणी नाही पाहून मी स्वतः पाण्यात उतरलो. लंगोट लावून उतरलो, जन्मभर उतरतो तसा. चार हात मारले नाही तर पोरगा काठावर उभा. "बाबा, बाहेर या. पाहुण्यांची गाडी आली. अन् बोर्ड वाचला नाही काय?" बाहेर येऊन मी अक्षर लावून लावून बोर्ड वाचला. पोहण्याच्या योग्य कपड्यांशिवाय प्रवेश नाही. खोली किती ते बोर्डावर नाही. पिऊन उतरू नका, हे नाही. ओल्या फरशीवर धावू नका, हे नाही. लंगोट नाही पाहिजे, हे मात्र मोठ्या अक्षरात. माझ्या वावरात, माझ्या विहिरीच्या पाण्यात! त्या दिवसापासून मी त्या टाक्यात पाय घातला नाही. विहिरीवर गेलो आणि तिथंच पोहलो.

माझ्या सुनेशी माझं वाजलं ते वेगळ्या गोष्टीवरून. सून पांढुर्ण्याच्या शाळेत मास्तरीण आहे. बाई हुशार, बोलायला नीट, पण पोहता येत नाही तिला. तिने नातीसाठी दंडाला बांधायचे हवेचे फुगे आणले, केशरी रंगाचे. ते बांधून पोरगी धाडकन पाण्यात उडी घ्यायची आणि बुचासारखी वर यायची.

"हे फुगे काढ," मी म्हटलं.

"मामाजी, फुगे असले की मला काळजी नसते."

"म्हणूनच मला असते. तिला वाटून राहिलं की पाणीच तिला वर धरते. ज्या दिवशी फुगे नसतील त्या दिवशी?"

"पांढुर्ण्यात क्लास सुरू होणार आहे. तिथे सर शिकवतील."

सर शिकवतील! मी शिकवलं तर ते शिकवणं नाही. तरी मी हटलो नाही. सून शाळेत गेली की उथळ बाजूला नातीच्या कंबरेला दोर बांधायचो, काठावर उभा राहायचो आणि पाय मारायला लावायचो. पाण्यात न उतरायची माझी शपथ होती, ती मी मोडली नाही. पोरीला दोराचा खेळ फार आवडला. आपला बारीक आवाज काढून ओरडायची, "आबाजी, दोर कोणाच्या हातात?" मी म्हणायचो, "माझ्या." मग ती उतरायची. दहा दिवसांत घरातले सगळेच हा खेळ खेळू लागले, आणि तिथंच घात झाला.

चैत्रात, हनुमान जयंतीनंतर, आम्ही बगीच्यात मारुतीचे रोडगे केले. त्या दिवशी बाहेरचे पाहुणे बंद, फक्त घरचे आणि सोयरे. गोवऱ्यांचा विस्तव, त्यात कणकेचे रोडगे, जोडीला वांग्याची भाजी. रोडगा आतपर्यंत भाजला की नाही हे आमच्या घरात माझ्याशिवाय कोणाला कळत नाही, हे मी बढाई म्हणून सांगत नाही. सकाळी पोरं पाण्यात होती तोवर दोर माझ्या हातात होता. स्वयंपाक होत आला तेव्हा मी एकूण एक पोर बाहेर काढलं, दोर खुंटीवर टांगला आणि मोठ्याने सांगितलं, "पाणी बंद!" सुनेने नातीचे फुगे काढून तारेवर वाळत घातले. मग मी विस्तवाजवळ गेलो.

माझा जावई नागपूरकडचा आहे, मोठा गमत्या माणूस. सकाळपासून त्याला तोच नाद लागला होता. मीठ पाहिजे असलं तर, "अरे, मिठाचा दोर कोणाच्या हातात?" पाण्याचा तांब्या पाहिजे, तर, "तांब्याचा दोर कोणाच्या हातात?" ज्याच्याजवळ तांब्या तो ओरडायचा, "माझ्या!" की सगळे खिदळायचे. माझी बायकोही हसली. मी हसलो नाही. मी म्हटलं, "जावईबापू, ह्याची मजाक नका करू."

"मामाजी, तुमच्या दोरानं आम्हाले बांधूनच टाकलं ना," तो म्हणाला, आणि पुन्हा हशा.

मी काडीने रोडगे उकरून राहिलो होतो. तेवढ्यात घराकडून बारीक आवाज आला.

"दोर कोणाच्या हातात?"

जावई कांदा फोडून राहिला होता. मान वर न करता त्याने दणक्यात उत्तर दिलं, "माझ्या!"

सगळे हसले. मी त्याच्या हाताकडे पाहिलं. हातात कांदा. मग मोटरच्या खोलीकडे पाहिलं. दोर खुंटीवर. तारेवर केशरी फुगे. आणि पाण्यात काहीतरी पडल्याचा आवाज झाला.

माझे गुडघे दुखतात, मला जिना चढवत नाही, पण त्या दिवशी मी कसा पळालो ते मला माहीत नाही. मी ओरडत होतो, मागे लोक अजून हसत होते, त्यांना वाटलं बुढ्याला जावयाचा राग आला. नात खोल बाजूला पडली होती. आवाज नाही, हाक नाही. बुडणारं माणूस ओरडत नसते, त्याला तेवढा श्वासच नसतो. नुसते दोन हात पाण्यावर थापा मारून राहिले होते, आणि डोकं मागे पडलेलं.

सून ओट्यावर पाण्याकडे पाठ करून पत्रावळी पुसत होती. तिने माझं ओरडणं ऐकलं, वळून पाहिलं आणि पत्रावळी टाकून तशीच पाण्याकडे धावली.

"थांब!" मी ओरडलो. सुनेवर असा आवाज मी कधी चढवला नव्हता. ती काठावर थांबली. तिच्या तोंडाकडे मला पाहवलं नाही. तिला पोहता येत नाही. ती उतरली असती तर पोरीने तिच्या गळ्याला मिठी मारली असती आणि दोघी गेल्या असत्या. पोराला पोहता येते, पण पोरगा दूर रस्त्यावरच्या फाटकाशी, आज बंद आहे म्हणून कोणा गाडीवाल्याला समजावून राहिला होता. मी उतरलो असतो, पण पळून माझा दम तुटला होता, अन् मला आणि पोरीला वर ओढायचं बळ सुनेच्या अंगात नव्हतं.

मी खुंटीवरून दोर ओढला. त्याच्या एका टोकाला पोरांसाठी केलेला मोठा फासा होता, तो सुनेच्या खांद्यावरून काखेत अडकवला. दुसरं टोक माझ्या मनगटाला गुंडाळलं आणि तिला सांगितलं, "दोर माझ्या हातात आहे. जाय."

ती गेली. साडी नेसलेली, पाण्याला भिणारी बाई, एकदाही मागे न पाहता गेली. पाण्याखाली गेली, वर आली, पोरीची वेणी तिच्या हाती लागली, मग दंड लागला. मी मागे रेललो. दोराने मनगटाची साल काढली. मग कोणीतरी माझ्या मागून दोर धरला, मग आणखी कोणी, आणि आम्ही दोघींना काठावर ओढलं.

पोरीने पाणी ओकलं, खोकली आणि मग भोंगा काढला. तिचं रडणं ऐकलं तेव्हाच मी मनगटावरचा दोर सोडला. मी तिथंच ओल्या फरशीवर बसून राहिलो.

सून म्हणाली, डॉक्टरकडे न्यायचं. पोरगा म्हणे, आता रडून राहिली, बोलून राहिली, ठीक आहे. मी सुनेच्या बाजूने बोललो. पाणी छातीत गेलं असलं तर मागाहून त्रास होतो, हे मी पाहिलेलं आहे. सौंसरला नेलं. डॉक्टरने छाती ऐकली, बराच वेळ बसवून ठेवलं, श्वास लागला तर लगेच परत आणा म्हणून बजावलं. परत आलो तर सोयऱ्यांनी जेवून घेतलं होतं. रोडगे गार होतात म्हणे.

जावई एका बाजूला बसला होता. माझ्याजवळ येऊन म्हणाला, "मामाजी, मी तं मजाकमधी म्हटलं होतं." त्याचे डोळे लाल होते. त्याला मी काय बोलणार? मजाकच होती ती. पण पोरीने विचारलं होतं खरं. जसं शिकवलं तसं तिने विचारलं, आणि मोठ्या माणसाने हो म्हटलं.

आता कोणालाही वाटेल की यानंतर तरी जाळी लागली असेल. पोरगा मला म्हणाला, "बाबा, शेवटी काही झालं तर नाही ना?" त्याचं ते वाक्य मला जन्मभर पुरेल. काही झालं नाही! काही होऊ दिलं नाही, असं म्हण ना. वर त्याने काय करावं? मोबाईलवर माझ्या दोराचा व्हिडिओ टाकला. आमच्याकडे वाडवडिलांची सुरक्षेची पद्धत आहे, असं काहीतरी त्यात बोलला. पुढच्या शनिवारी पाहुणे आले, त्यांनी दोर खुंटीवरून काढला, कंबरेला बांधला आणि पाण्यात पाय सोडून फोटो काढले. दुसरं टोक जमिनीवर लोळत होतं. मी एकाला विचारलं, "दोर कोणाच्या हातात आहे?" तो म्हणाला, "काका, तुम्हीच का ते व्हिडिओवाले? या ना, फोटोत या."

मी त्या दिवशी जेवलो नाही. बायको म्हणाली, "अवो, किती चिडता? सोडून द्या आता." मी काय सोडून देऊ? पोरगी तर अजून त्याच ओट्यावर खेळून राहिली आहे.

सोमवारी सकाळी मी विहिरीवरून आलो तर नालीत टाक्याचं पाणी वाहून राहिलं होतं. मला पहिली काळजी झाडांची. त्या पाण्यात औषध असते. मी ओरडलो, "कोणी सोडलं हे पाणी? झाडांच्या मुळाशी जाईन ना!"

सून मोटरच्या खोलीतून बाहेर आली, शाळेची साडी नेसून, खांद्याला पर्स. "नाल्याकडे काढलं आहे मामाजी, झाडांकडे नाही. दोन दिवस औषधही टाकलेलं नाही. मी विचारून घेतलं."

पोरगा झोपेतून उठून आला. निम्मं टाकं रिकामं पाहून त्याने कपाळाला हात लावला. "अवं, शनिवारचं बुकिंग आहे!"

"जाळी लागली की भरू," ती म्हणाली.

"फोटोत कसं दिसन ते?"

"तुमच्या पोरीचा फोटो भिंतीवर लागला असता, तो कसा दिसला असता?"

आणि ती बस पकडायला निघून गेली. गुरुवारी जाळी आली. फाटक आलं, आपोआप बंद होणारं, कडी वरच्या बाजूला. काठावर खोलीचे आकडे आले, तळाच्या जाळीचा स्क्रू बदलला, वायरवाला येऊन अर्थिंग पाहून गेला. मी जे जे इतके दिवस घसा फोडून सांगत होतो ते सगळं चार दिवसांत झालं. तिने एक कॉक फिरवला आणि झालं. मला आनंद व्हायला पाहिजे. झाला, नाही म्हणत नाही. पण माझं तोंड कडू होते ते होतेच. माझं ऐकायला पोरीने पाण्यात पडावं लागलं, आणि तेव्हाही ऐकलं ते माझं नाही.

वर त्या फाटकाची कडी इतकी घट्ट आहे की त्या दिवशी दोर ओढताना दुखावलेल्या माझ्या खांद्याने ती उघडत नाही. हे मी घरात कोणाला सांगितलेलं नाही. कोणी आत जात असलं की मी त्याच्या मागे जातो.

नात महिनाभर पाण्याकडे फिरकली नाही. मला ते बरं वाटलं नाही. घरासमोर पाणी आहे, पोरीला पोहता आलंच पाहिजे, जाळी काय, आज आहे उद्या गंजेल. मी सुनेला म्हटलं, "तुझ्या त्या सरकडे पाठव, पण शिकव." ती म्हणाली, "सर आहेत तिथे. पण ती म्हणते आबाजीच पाहिजेत."

मग एका संध्याकाळी सुनेने फाटक उघडलं आणि आम्ही तिघं आत गेलो. सून काठावर बसली, रिकाम्या हाताने, मोबाईल घरात ठेवून. मी नातीच्या कंबरेला दोर बांधला आणि दुसरं टोक मनगटाला गुंडाळलं, साल गेली होती त्याच जागी. ती पहिल्या पायरीवर उभी राहिली.

"दोर कोणाच्या हातात?"

"माझ्या," मी म्हटलं.

ती उतरली नाही. पायरीवरून परत वर आली, ओल्या पायांनी हळूहळू चालत माझ्याजवळ आली, न धावता. माझं मनगट धरलं, दोराचा वेढा बोटाने चाचपला, एकदा ओढून पाहिला. मग परत गेली आणि पाण्यात उतरली.